नॉर्थ कोस्ट ५०० गाडीने: स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्याचं नियोजन, एकेरी रस्ते आणि खोळंबे

कातळवाट
युरोप सहलीच्या धाग्यावर स्कॉटलंडच्या या रस्त्याचा विषय निघतो आणि चौथ्या प्रतिसादात व्हिसाच्या रांगेत हरवतो. म्हणून वेगळा धागा. इथे फक्त रस्ता, गाडी, मुक्काम, खाणं आणि काय बिघडतं एवढंच बोलू. एडिंबरा दर्शन कृपया तिकडेच.

इन्व्हरनेसच्या किल्ल्यापासून निघायचं, पश्चिम, उत्तर आणि पूर्व असे तिन्ही किनारे धरत परत इन्व्हरनेसला यायचं. ५१६ मैल, म्हणजे साधारण ८३० किलोमीटर. रस्ते जुनेच आहेत, २०१५ साली ते ‘नॉर्थ कोस्ट ५००’ या एका नावाखाली आणले गेले इतकंच. पाट्यांवर अंतर मैलांत, वेग ताशी मैलांत, गाडी आपल्यासारखी डावीकडून.

आता खरा मुद्दा. पुणे-नागपूर एका दिवसात होतं, मग ८३० किलोमीटर तीन दिवसांत का नाही? कारण पश्चिम आणि उत्तर किनाऱ्यावरचा बराच रस्ता एकेरी, म्हणजे दोन्ही बाजूंनी वाहतूक असूनही जेमतेम एका गाडीच्या रुंदीचा आहे. समोरून गाडी आली की थांबा, मेंढ्या आल्या की थांबा, वळणापलीकडचं दिसत नाही म्हणून हळू. सरासरी ताशी ३० मैल पडली तरी खूप. नकाशाचं ॲप सांगतं त्या वेळेत निम्म्याची भर घाला आणि फोटोचे थांबे वेगळे धरा. सात रात्री ही किमान गरज. नऊ-दहा असतील तर वाढीव रात्री पश्चिमेला घाला, पूर्वेला नाही. विक ते इन्व्हरनेस हे शंभरेक मैल दुपदरी रस्त्याने दिवसभरात आरामात होतात. तेवढ्याच अंतराला पश्चिमेला दोन दिवस लागतात.

माझी विभागणी अशी: पहिली रात्र ॲपलक्रॉस किंवा शील्डेग, दुसरी गेअरलॉख, तिसरी उल्लापूल, चौथी लॉखइन्व्हर, पाचवी स्कौरी किंवा डर्नेस, सहावी टंग किंवा बेटीहिल, सातवी थर्सो किंवा विक. जून ते ऑगस्टमध्ये जायचं तर खोल्यांचं आरक्षण कित्येक महिने आधी करा. या गावांमध्ये हॉटेलं दोन-तीनच असतात. एखाद्या गावात खोली नाही मिळाली तर पुढचं गाव २५-३० मैलांवर, तेही त्याच एकेरी रस्त्याने.

पुणेरी_पाहुणा
उत्तम धागा, वाचनखूण साठवली. मे अखेरीस जायचं ठरतंय. सत्तरीचे आई-बाबा, आम्ही दोघं आणि दहा वर्षांची मुलगी. गाडी कुठली घ्यावी? कॅम्परव्हॅनचा मोह होतोय. आणि घड्याळाच्या दिशेने की उलट?

एबर्डीनकर
दिशेचं आधी. मी घड्याळाच्या दिशेच्या बाजूचा, म्हणजे आधी पश्चिम. दोन कारणं. एक, समुद्र डाव्या हाताला राहतो, म्हणजे आपल्याच बाजूला. थांबायची जागा दिसली की रस्ता न ओलांडता शिरता येतं, आणि शेजारी बसलेल्याला विनाअडथळा किनारा दिसतो. दोन, ब्यालख ना बा हा घाट चढणीने लागतो. त्याची पूर्वेकडची बाजू तीव्र नागमोडी आहे, ॲपलक्रॉसकडची त्या मानाने सौम्य. तीव्र बाजू चढायला सोपी, उतरायला ब्रेकची परीक्षा.

कातळवाट
इथे माझं थोडं वेगळं मत. ज्यांनी या देशात कधीच गाडी चालवलेली नाही, त्यांनी उलट्या दिशेने जावं. पहिले दोन दिवस पूर्वेच्या रुंद रस्त्यावर हात बसतो आणि एकेरी रस्ता थर्सोच्या पुढे हळूहळू सुरू होतो. शिवाय देखावा दिवसागणिक चढत जातो. पश्चिम आधी केली की शेवटचे दोन दिवस फिके वाटतात. घाट उतरायची भीती असेल तर तो वगळायची सोय आहेच, शील्डेगवरून किनाऱ्याचा रस्ता ॲपलक्रॉसला जातो.

एबर्डीनकर
नवख्यांसाठी हे मान्य. बाकीच्यांना मात्र मी पश्चिमच आधी सांगेन, म्हणजे पावसाने एखादा दिवस खाल्ला तर पुढे वेळ काढता येतो.

कॅम्परव्हॅनचं: पाच जण, त्यात सत्तरीचे दोघं, तर माझं उत्तर स्पष्ट नाही. एकेरी रस्ता जेमतेम तीन मीटर रुंद आणि मोठी व्हॅन आरशांसकट अडीच मीटरच्या आसपास. समोरून दुसरी व्हॅन आली की दोघांपैकी एकाला मागे जावं लागतं, आणि भाड्याची सात मीटरची गाडी वळणावर मागे घेणं हे शिकायचं ठिकाण हे नव्हे. ब्यालखच्या पायथ्याशी मोठी पाटीच आहे: नवशिके चालक, खूप मोठी वाहनं आणि कॅरॅव्हॅन यांनी जाऊ नये. लॉखइन्व्हरच्या उत्तरेचा बी८६९ हा रस्तासुद्धा मोठ्या गाड्यांचा नाही, चढ २५ टक्क्यांपर्यंत आहेत. म्हणजे व्हॅन घेतली की या वाटेवरचे दोन सर्वांत देखणे तुकडे हातचे जातात.

साधी स्टेशन वॅगन घ्या, सामान मागे मावतं. भलीमोठी एसयूव्ही नको. उंचीचा काही फायदा नाही, रुंदीचा त्रास आहे. ऑटोमॅटिक हवी तर आरक्षणातच तसं घाला, तिथे गिअरची गाडी हाच रिवाज अजून बराच आहे.

चारचाकी
एकेरी रस्त्याचे नियम एकदा नीट लिहून ठेवतो, कारण खोळंबे इथेच होतात.

१. दर काही अंतरावर रस्ता थोडा फुगवलेला असतो, तिथे पासिंग प्लेसची पांढरी पाटी असते. ती जागा आपल्या डावीकडे असेल तर आत शिरायचं. उजवीकडे असेल तर शिरायचं नाही, तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबायचं आणि समोरच्याला त्या फुगवट्यातून वळसा घेऊ द्यायचा. आपली मंडळी रिकामी जागा दिसली की उजवीकडे घुसतात आणि दोघं नाकासमोर नाक.

२. नजर समोरच्या गाडीवर नको, पुढच्या दोन पाट्यांवर हवी. जो जागेच्या जवळ असतो तो थांबतो. चढणाऱ्याला आधी वाट, हे आपल्या घाटासारखंच.

३. मागून गाडी चिकटली तर जागा आली की डावीकडे घेऊन तिला पुढे सोडा. ती गाडी बहुधा तिथल्या माणसाची असते. त्याला शाळा, दवाखाना, टपाल गाठायचं असतं. पाठीमागे चार गाड्यांची शेपटी घेऊन देखावा बघत जाणं हा तिथल्या लोकांचा सर्वांत मोठा राग आहे, आणि तो रास्त आहे.

४. पासिंग प्लेसमध्ये गाडी उभी करून फोटो काढायला जायचं नाही. पाच मिनिटंसुद्धा नाही.

५. हेडलाइटची उघडझाप. आपल्याकडे त्याचा अर्थ ‘मी येतोय, तू थांब’. तिथे थांबलेल्या गाडीने दिवा मारला तर व्यवहारात अर्थ बरोब्बर उलटा: ‘या, मी थांबलोय’. ही सवय मोडली नाही तर दोघंही एकाच वेळी निघतात किंवा दोघंही ताटकळतात. गेल्यावर हात वर करून आभार मानायचे. हॉर्न वाजवणं उद्धट समजतात.

६. दोन-तीन कुटुंबं मिळून जात असाल (लंडन-रेडिंगकडची मराठी मंडळं हमखास तशीच जातात) तर गाड्यांची आगगाडी करू नका. एका जागेत दोन, फार तर तीन गाड्या मावतात. चार गाड्या एकामागे एक चालल्या की समोरच्याला जायला जागाच उरत नाही. अर्ध्या-अर्ध्या तासाने निघा, जेवायला भेटा.

वेगमर्यादा बऱ्याच ठिकाणी ताशी ६० मैल आहे. ती कमाल मर्यादा आहे, लक्ष्य नव्हे.

दीडशहाणी
क्रमांक ५ साठी धन्यवाद. हे कुठल्याच प्रवासपुस्तिकेत नसतं.

ब्यालख ना बा एवढा बागुलबुवा आहे का? आपण वरंधा, आंबेनळी करतोच की.

चारचाकी
घाट चालवायची सवय असेल तर बागुलबुवा नाही. समुद्रसपाटीच्या जवळून थेट ६२६ मीटरवर चढतो, चढ २० टक्क्यांपर्यंत, वरच्या टप्प्यात लागोपाठ तीव्र वळणं. फरक असा की आपल्या घाटात निदान दोन गाड्या अंग चोरून जातात, इथे नाही. दुसरं म्हणजे माथ्यावर ढग. खाली ऊन असताना वर दहा मीटरवरचं दिसत नाही असं होतं, मग खिंड चढून हाती धुकंच. सकाळी माथा झाकलेला असेल तर शील्डेगच्या रस्त्याने ॲपलक्रॉसला जा आणि परतताना ढग उठले तर खिंडीने या. बर्फ पडलं की रस्ता बंद होतो.

उतरताना गिअर दुसरा किंवा पहिला. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोड नाहीतर ‘एल’. ब्रेकवर सतत पाय ठेवला की खाली पोचेपर्यंत जळका वास येतो, आणि ब्रेक फार तापले की पकडच कमी होते. वास आला तर पहिल्या सुरक्षित मोकळ्या जागी वीस मिनिटं उभे राहा. तापलेल्या ब्रेकवर पाणी ओतू नका, डिस्क वाकडी होते.

एबर्डीनकर
टायरबद्दल कोणी बोललं नाही. या रस्त्यावर भाड्याच्या गाड्यांची सर्वांत जास्त वाट तिथे लागते.

डांबराची कड तुटलेली असते आणि तिच्या बाहेर दोन-चार इंचांची पायरी. समोरून गाडी आल्यावर घाबरून डावं चाक खाली उतरवलं, मग तसंच तिरकं परत वर ओढलं, की ती कड टायरच्या बगलेला सुरीसारखी लागते. आता बऱ्याच भाड्याच्या गाड्यांत जादा चाक नसतंच. फेस भरायची बाटली आणि छोटा पंप असतो. तो फेस खिळ्याच्या भोकाला चालतो, बगलेच्या चिरेला नाही. म्हणजे गाडी ओढून न्यावी लागणार, आणि मापाचा टायर इन्व्हरनेसहून यायला दुसरा दिवस उजाडणार.

तेव्हा गाडी ताब्यात घेतानाच डिकी उघडून जादा चाक आहे का बघा, नसेल तर मागा. विम्याचा कागद वाचा: टायर, काच आणि गाडीचा खालचा भाग बहुतेक वेळा मूळ विम्यात नसतो. आणि रस्त्यावर एकच गोष्ट पाळा, चाक डांबरावरून उतरवायचं नाही. आधीच्या जागेत थांबायला दोन मिनिटं जास्त लागली तर लागू देत.

अजून एक, वारा. डनेट हेड, डंकन्सबी हेड अशा कड्यांवर गाडीचं नाक वाऱ्याकडे करून उभी करा आणि एका वेळी एकच दार उघडा. पाठीमागून वारा असताना दार सोडलं तर ते बिजागरीतून उलटं जातं. तो खर्चही बऱ्याच विम्यांत बसत नाही. मुलीला हे आधी सांगून ठेवा.

पुणेरी_पाहुणा
बरं झालं विचारलं. व्हॅन रद्द. मुलीसाठी सीट लागेल का? लायसन्स आणि कार्डाचं काय?

कातळवाट
सीट: वय १२ पूर्ण किंवा उंची १३५ सेंटीमीटर, यातलं जे आधी होईल तोवर कायद्याने लागते. मुलगी १३५ च्या वर असेल तर नुसता पट्टा पुरतो. खाली असेल तर बूस्टर. भाड्याने महाग पडतो, इन्व्हरनेसच्या सुपरमार्केटमध्ये विकत घेतलेला बहुधा स्वस्त.

लायसन्स: भारतीय वैध लायसन्सवर पाहुणे १२ महिन्यांपर्यंत साधी गाडी चालवू शकतात. आंतरराष्ट्रीय परवान्याची कायद्याने सक्ती नाही, पण काही भाडेवाले मागतात. त्यांच्या अटी वाचून आरटीओतून काढून ठेवा.

कार्ड: अनामत रकमेसाठी बहुतेक ठिकाणी चालकाच्याच नावाचं खरं क्रेडिट कार्ड लागतं. फोरेक्सचं प्रीपेड कार्ड काउंटरवर नाकारलं जाण्याची शक्यता मोठी. नव्या भारतीय कार्डांवर परदेशी व्यवहार आणि टॅप करून पैसे देणं मुळात बंद असतं, बँकेच्या ॲपमधून निघण्यापूर्वी चालू करा आणि पिन पाठ ठेवा. गल्ल्यावर माणूस नसलेल्या पेट्रोल पंपांवर कार्डाशिवाय गत्यंतर नाही. तरी वीसेक पौंड नाणी आणि सुट्ट्या नोटा जवळ असू द्या, काही पार्किंगला आणि शेतावरच्या अंड्यांच्या टपऱ्यांना नुसता पैशाचा डबा असतो.

नोटांवरून आठवलं. तिथे तीन स्कॉटिश बँकांच्या वेगवेगळ्या नोटा फिरतात. परतताना त्या लंडनला पोचण्याआधी खपवा, दक्षिणेत दुकानदार कुरकुरतात. भारतात तर त्या बदलून घेताना नाकी नऊ येतात.

चारचाकी
पेट्रोल. ‘अनलेडेड’ म्हणजे पेट्रोल, नळी हिरवी. डिझेलची काळी. झाकणाच्या आत लिहिलेलं वाचूनच भरा, पंपावर भरून देणारा कोणी नसतो.

टाकी अर्धी झाली की भरायची. पंप गेअरलॉख, उल्लापूल, लॉखइन्व्हर, स्कौरी, डर्नेस, बेटीहिल, थर्सो असे आहेत. ॲपलक्रॉसचा पंप गावकरी मिळून चालवतात, कार्डावर चोवीस तास. लहान पंप रविवारी किंवा संध्याकाळी सहाला बंद होऊ शकतात, भावही चढे. इन्व्हरनेस, उल्लापूल, थर्सो इथे टाकी भरली की अडत नाही.

विजेची गाडी? होते, पण पाच माणसं, सामान आणि घरी चार्जर नसलेली भाड्याची गाडी, तर मी नाही म्हणेन. गावात एकच चार्जर असतो आणि तो कोणीतरी अडवलेला किंवा बंद असू शकतो.

दीडशहाणी
खाण्यापिण्याचं कोणी बोलेना. शाकाहारी ज्येष्ठांचं काय? रोज चिप्स?

आजीचा_बटवा
मी वाटच बघत होते.

स्वयंपाकघर असलेली घरं बघा, निदान एकाआड एक रात्र तरी. खानावळी आणि पबची स्वयंपाकघरं साडेआठच्या सुमाराला बंद होतात. उन्हाळ्यात साडेदहाला सूर्य मावळतो, त्यामुळे भुकेचं भान राहत नाही आणि नऊ वाजता दारावर ‘किचन क्लोज्ड’. लहान गावातली दुकानं पाच-सहाला मिटतात. मोठं सुपरमार्केट इन्व्हरनेस, उल्लापूल, थर्सो आणि विकला. भाजी, ब्रेड, दही, दूध तिथेच भरून घ्यायचं.

भारतातून नेताना: दूध-दुभतं आणि मांस चालत नाही. म्हणजे तूप, पेढे, बर्फी, पनीर घरीच ठेवा. विमानतळावर सापडलं तर काढून घेतात. कोरडं नेऊ शकता: भाजलेल्या रव्याचं उपमा मिश्रण, जाड पोहे, मेतकूट, मूगडाळ-तांदळाची खिचडी मोजून भरलेली (पाच जणांना दोन वाट्या तांदूळ, एक वाटी डाळ, हळद-हिंग-जिरं त्यातच), शेंगदाण्याची चटणी, गोडा मसाला. छोटा कुकर सामानात टाकलात तर शिट्टी आणि रिंग वेगळी गुंडाळा. घरात शेगडी बहुधा विजेची असते, काचेच्या इंडक्शनवर ॲल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. बुडाला चुंबक चिकटतो का ते पुण्यातच बघा. आणि फोडणी देताना खिडकी उघडून, झाकण जवळ ठेवून. धुराचा अलार्म मोहरीला फार घाबरतो.

बाहेर खायचं तर शाकाहारी हॅगिस मिळतं, डाळी-ओट-मसाल्याचं, आपल्या जिभेला बरं लागतं. सूप मागवताना विचारून घ्या: कलन स्किंक हे बटाट्याचं वाटलं तरी त्यात धुरावलेला हॅडॉक मासा असतो. मासे खाणाऱ्यांची मात्र चंगळ. पश्चिम किनाऱ्यावर मोठ्या कोळंबीसारखे लांगोस्टिन ताजे मिळतात. लॉखइन्व्हरला ‘पाय’ (सारण भरून भाजलेली पेस्ट्री) मिळतात, शाकाहारीही असतात.

रविवारी दुपारचं जेवण कुठे हे शनिवारीच ठरवा.

पुणेरी_पाहुणा
काकू, इंडक्शनचं लाखमोलाचं बोललात.

मे अखेर ठीक आहे ना? मिजेसबद्दल भयानक वाचलंय.

एबर्डीनकर
मे अखेर उत्तम. दिवस मोठा, मिजेसचा हंगाम नुकताच सुरू होत असतो. खरा कहर जून मध्य ते ऑगस्ट. मिज म्हणजे दोनेक मिलिमीटरची चावणारी चिलटं, हजारोंच्या थव्याने येतात. त्यांना ओल, मंद उजेड आणि स्थिर हवा लागते, म्हणून पहाट आणि संध्याकाळ. ताशी दहा-बारा किलोमीटरच्या वर वारा असला की त्यांना उडताच येत नाही. तेव्हा थांबायचं तर खाडीच्या कोपऱ्यात नाही, उघड्या टेकाडावर. पिकारिडिन किंवा डीट असलेलं मलम लावा. डोक्यावरची जाळी घ्यायची तर तिथलीच घ्या, आपल्या मच्छरदाणीची भोकं त्यांना दरवाजे आहेत.

गवतातून चाललात तर रात्री गुडघ्यामागे, काखेत, कमरेला गोचीड बघा. त्यांच्यातून लाइम रोग होऊ शकतो. बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढायची. पिरगाळायची नाही, तेल-रॉकेल लावायचं नाही.

मेमध्ये रस्त्यावर कोकरं असतात. कोकरू रस्त्याच्या एका बाजूला आणि आई दुसऱ्या बाजूला दिसली की ते धावणारच, हे धरूनच चाला. हरणं पहाटे आणि सांजेला, एकामागून दुसरं येतंच.

खडकफोड्या
या रस्त्यावर जाऊन नॉकन क्रॅगला न थांबणारे पाहिले की जीव तुटतो. उल्लापूलच्या उत्तरेला ए८३५ वर आहे, रस्त्यालगत पार्किंग, थोडा चढ. इथे जुना खडक नव्या खडकावर बसलेला हाताने दाखवता येतो. वर मोइन शिस्ट, खाली त्याच्याहून तरुण चुनखडक. एकोणिसाव्या शतकात यावरून भूवैज्ञानिकांत कडाक्याचं भांडण झालं. पीच आणि हॉर्न या दोघा भूवैज्ञानिकांनी हा भाग पायी पिंजून काढला आणि खडकांचे थर पूर्वेकडून पश्चिमेला ढकलले गेलेत हे दाखवून दिलं. त्यांचा मोठा अहवाल १९०७चा.

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला इथली डोंगररचना आधी बुचकळ्यात टाकते. आपला बसाल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांचा, थरावर थर, पायऱ्या-पायऱ्या. इथे तळाला लुइसियन नाइस, तीनशे कोटी वर्षांपर्यंत जुना, राखाडी, खडबडीत, मध्ये तळी साचलेली. त्यावर शंभर कोटी वर्षांच्या आसपासचा तांबूस टॉरिडोनियन वालुकाश्म, सुइल्व्हन आणि स्टॅक पॉली हे डोंगर त्याचेच. काही माथ्यांवर क्वार्टझाइटची पांढरी टोपी, ती लांबून बर्फासारखी दिसते. टॉरिडनमध्ये बेन एय हा डोंगर बघा. त्याच्या परिसरातच ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र झालं, १९५१ साली.

डर्नेसची स्मू गुहा चुनखडकातली आहे: पुढचं दालन समुद्राने कोरलं, मागचं ओढ्याने. पायऱ्या आहेत पण कठडा आहे, ज्येष्ठांना जमेल. पाऊस झाला असेल तर धबधबा जोरात असतो, मात्र आतली छोटी होडी बंद ठेवतात.

दीडशहाणी
गुडघेदुखीवाल्यांसाठी अजून काय? आणि काय टाळावं?

कातळवाट
कॉरिशॅलख घळ (गाडीतळापासून थोडंसं चालणं, झुलत्या पुलावरून ४५ मीटरचा धबधबा. पूल हलतो, चक्कर येणाऱ्यांनी काठावरून बघावा). पूलयूजवळची इनव्ह्यू बाग, १८६२ साली सुरू झालेली, उबदार समुद्री हवेमुळे एवढ्या उत्तरेला परदेशी झाडं जगलीत. अखमेलविखचा पांढरा किनारा, वाळू गाडीतळाच्या पलीकडेच. ॲसिंट तळ्याकाठचा आर्डव्रेक किल्ला बाहेरून. कायलेस्कूचा वळणदार पूल, १९८४चा. त्याआधी तिथे फेरी होती. डनेट हेड, कारण ब्रिटनच्या मुख्य भूमीचं उत्तर टोक ते आहे, जॉन ओ’ग्रोट्स नाही. जॉन ओ’ग्रोट्सला पाटीचा फोटो काढून सरळ डंकन्सबी हेडला जा, समुद्रातले सुळके तिथे आहेत. पफिन (रंगीत चोचीचे समुद्रपक्षी) बघायचे तर मे ते जुलै. ऑगस्टच्या सुरुवातीला ते समुद्रात निघून जातात.

टाळावं: व्हेलिगो स्टेप्स, तीनशेहून जास्त दगडी पायऱ्या कड्यावरून खाली आणि तितक्याच परत वर. सँडवुड बे, एका बाजूला चार मैल चाल, वाटेत ना शौचालय ना पाणी. स्टॅक पॉली ६१२ मीटरच आहे, पण शेवटचा टप्पा हाताने धरून चढायचा. तुम्ही तरुण दोघं खांद्यापर्यंतची फेरी करू शकता, तीन-चार तास. केप रॉथ या वायव्य टोकाला गाडी जात नाही. लहान होडी, मग मिनीबस, आणि लष्कराचा सराव असला की सगळंच बंद. चौकशी करूनच दिवस राखा.

खडकफोड्या
एक भर. स्ट्रॅथनेव्हर आणि त्या टापूत रस्त्याकडेला दगडी घरांचे चौथरे दिसतात, ते पडीक वाडे नव्हेत. १८१४ आणि १८१९ला इथल्या कुळांना मेंढपाळीसाठी घरं जाळून हुसकावलं गेलं. बेटीहिलच्या जुन्या चर्चमध्ये त्याचं संग्रहालय आहे. पुढे पूर्व किनाऱ्यावर गॉल्स्पीला सदरलंड घराण्याचा डनरॉबिन किल्ला आणि डोंगरमाथ्यावर पहिल्या ड्यूकचा उंच पुतळा लागतो. जमीन त्याच घराण्याची होती. संग्रहालय आधी आणि किल्ला नंतर बघा. उलट केलं की किल्ल्यातल्या ससाण्यांच्या खेळातच दिवस जातो.

पुणेरी_पाहुणा
वाटेत मद्यनिर्मितीगृहंही आहेत ना? चाखून गाडी चालवलेली चालते?

चारचाकी
नाही. डिसेंबर २०१४पासून स्कॉटलंडची मर्यादा इंग्लंडहून कमी आहे, १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम. रात्री उशिरा घेतलेलं सकाळीही मोजलं जातं. पुष्कळ ठिकाणी चालकाचा घोट छोट्या बाटलीत भरून देतात, मागून घ्या आणि मुक्कामी प्या. विक, ब्रोरा, टेन तिन्हीकडे निर्मितीगृहं आहेत, म्हणजे सगळी शेवटच्या दोन दिवसांत.

पुणेरी_पाहुणा
शेवटचं: फोनला रेंज? आणि काही झालं तर?

एबर्डीनकर
बऱ्याच दऱ्यांत रेंज नाही. नकाशे आधी उतरवून ठेवा, आरक्षणांचे पत्ते कागदावर. अपघातात ९९९ किंवा ११२. डोंगरात अडकलात तर पोलिस मागायचे आणि त्यांना माउंटन रेस्क्यू सांगायचं. मोठं रुग्णालय इन्व्हरनेसचं रेगमोर, उत्तर-पूर्वेला विकचं केथनेस जनरल. मधल्या पट्ट्यात दोन-अडीच तासांचं अंतर पडू शकतं, तेव्हा आई-बाबांची औषधं दहा दिवस जास्तीची, हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसकट. प्रवासविमा काढताना आधीचे आजार लिहा. लपवले तर दावा फेटाळतात.

एडिंबराहून गाडी घेऊन येत असाल तर ए९ वर डनब्लेन ते इन्व्हरनेस सरासरी वेग मोजणारे कॅमेरे आहेत. एका कॅमेऱ्यापुढे हळू होऊन उपयोग नाही, दोन कॅमेऱ्यांमधला वेळ मोजतात. दंडाची नोटीस भाडेवाल्याकडे जाते आणि तो आपलं प्रशासन शुल्क वर लावून तुमच्या कार्डावरून कापतो. गाडी परत करताना चारही टायर, रिमा, दारांच्या कडा आणि पेट्रोलचा काटा यांचे फोटो काढा, काउंटरवर माणूस असेल तर त्याच्यासमोरच.